शिरस्त्राण काढून यावे

१२ जुलै

प्रिय ताई,

बोर्डिंगच्या गच्चीवर शनिवारी दुपारी आपण चादरींच्या घड्या घालायचो, ते तुला आठवतं का? मोठ्या मदरची शिस्त अशी की चादर जमिनीला टेकता कामा नये आणि कोपऱ्याला कोपरा जुळलाच पाहिजे. एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला मी. तू मुद्दाम इतक्या जोरात ओढायचीस की मी फरपटत तुझ्यापर्यंत यायचे, आणि मग हसून हसून दोघी खाली बसायचो. चादर गेली मातीत. मदर विचारायच्या, "कोणी पाडली?" तू हात जोडून म्हणायचीस, "वाऱ्याने, मदर." वारा कधीच नसायचा. तरी त्या तुझ्यावर विश्वास ठेवायच्या, कारण तुझा चेहराच तसा होता.

इतक्या वर्षांनी पत्र, आणि सुरुवात चादरींपासून, म्हणजे हिला काहीतरी हवंय, हे तू ओळखलं असशील. हवंय.

पाकिटावर 'प्रिन्सिपल सिस्टर' लिहिलंय, कारण तसं लिहिल्याशिवाय तुझ्या ऑफिसातून पत्र पुढे सरकत नाही म्हणतात. आत मात्र मी ताईच लिहिणार. बाबा म्हणायचे ना, "सगळं गाव हिला सिस्टर म्हणतं आणि धाकटीची सिस्टर तेवढी पळाली." त्या विनोदावर तू कधी हसली नाहीस. मी अजून हसते.

माझी नात तुझ्या शाळेत दुसरीत आहे. लेकीने तिला तिथे घातलं ते मी उठता बसता आपल्या शाळेचं कौतुक सांगायचे म्हणून. तेव्हा तू तिथे बदलून आलेली नव्हतीस, त्यामुळे कोणाच्या ओळखीने प्रवेश वगैरे काही नाही. घरात आम्ही तिला भिंगरी म्हणतो. एका जागी बसत नाही. लेकीची नोकरी आहे, यांचं चष्म्याचं दुकान आता जावई बघतो, म्हणून शाळा सुटली की तिला आणायचं काम यांचं. मुद्दाम लांबच्या रस्त्याने दोघं चालत येतात, दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत. यांना जन्माची सवय, माणूस हाती लागला की लांबचं वाचायला लावायचं. ती त्यांना नानाजी म्हणते आणि मुद्दाम चुकीचं वाचते. 'औषधालय'चं 'औषधाळू' करते. हे म्हणतात, "बाईसाहेब, तुम्हाला जाड भिंग लागणार." एवढ्याने त्यांचा दिवस साजरा होतो.

सोमवारी तुझ्या सहीची सूचना गेटवर लागली. 'पाल्यास नेण्यास येणाऱ्या सर्व व्यक्तींनी शिरस्त्राण काढून यावे.' मंगळवारी यांना गेटवर अडवलं. थोडा गैरसमज झाला, थोडा वेळ गेला, मग दोघं घरी आले. बाकी काही नाही.

मला एवढंच विचारायचंय, शिरस्त्राण म्हणजे तुला काय म्हणायचं होतं? दोन ओळी लिही.

तुझी,
धाकटी


१७ जुलै

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. "सूचना हेल्मेटसाठी होती. मोटरसायकलवरून येणारे पालक काळी काच खाली ठेवूनच आत येतात, चेहरा दिसत नाही. सूचनेच्या भाषेत हेल्मेट हा शब्द बरा दिसत नाही म्हणून क्लार्कनी तो बदलला. झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे. कृपया वाढवू नये."

कृपया? तू मला कृपया म्हणतेस? आपण एका ताटात जेवलो आहोत, ताई.

तुझ्या क्लार्कचा मला राग नाही. आपल्यालाही ती खोड होतीच. वर्गात इंग्रजीशिवाय एक शब्द बोलायची सोय नव्हती, म्हणून निबंधाच्या तासाला आपण मराठीचा सूड उगवायचो. पावसाला पर्जन्य आणि कुत्र्याला श्वान. पण आपल्या श्वानाने कोणाला चावलं नव्हतं. या शब्दाने चावा घेतलाय.

मागच्या पत्रात मी 'गैरसमज' लिहिलं. आता जरा नीट लिहिते. तुला माहीतच आहे, गेल्या महिन्यात पेपरात ते चित्र आलं, पोलिसांना हव्या असलेल्या माणसाचं. दाढी आणि डोक्याला गुंडाळलेलं कापड. ते कापड आणि यांची पगडी यांत टॉवेल आणि कोट यांच्याइतकं साम्य आहे. पण बघणाऱ्याला दाढी दिसली, कापड दिसलं, काम झालं. दुकानातलं एक जुनं गिऱ्हाईक यांना हसत म्हणालं, "काय सरदारजी, पेपरात फोटो आला की तुमचा!" हे म्हणाले, "तुमचा नंबर वाढलाय, बसा, तपासतो."

तर मंगळवारी हे नेहमीसारखे लवकर पोचले आणि कुंपणापाशी सावलीत उभे राहिले. हातात पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली आणि भिंगरीचा स्वेटर. तिसरीतल्या एका मुलाच्या आईने ऑफिसात फोन केला, की एक माणूस पिशवी घेऊन मुलांकडे बघत उभा आहे. गेटवाले मामा नवे. त्यांनी सूचनेवर बोट ठेवलं, "हे काढून या." हे म्हणाले, "हे काढत नसतात, मामा." तेवढ्यात ऑफिसातून पोलिसांना फोन गेला होता. पोलीस आले. विचारपूस झाली.

तेव्हापासून हे गेटवर गेलेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणतात. गुडघा दुखणारा माणूस दिवसातून चार वेळा गच्चीचा जिना चढतो आणि उतरतो, हे मी खालून मोजत नाही, पण ऐकते. भिंगरीला आणायला मी जाते. ती माझ्याबरोबर पाट्या वाचत नाही. म्हणते, "तुला मजा कळत नाही, आजी."

तेव्हा माझं मागणं साधं आहे. सूचना हेल्मेटची होती ना? मग तसं लिही. तिथेच, गेटवर, तुझ्या सहीने. 'ही सूचना हेल्मेटपुरती आहे. पगडी, दस्तार, ओढणी यांना ती लागू नाही.' दस्तार म्हणजे यांच्या भाषेत पगडीच, पण मानाने म्हटलेली. ओढणी मी तुझ्यासाठी घातलीय. कारण त्या सूचनेचा मामांनी लावला तोच अर्थ खरा असेल, तर ताई, तुझ्या डोक्यावरचं पांढरं वस्त्र काढल्याशिवाय तुलाही तुझ्या शाळेत जाता येणार नाही.

वाट बघते.

धाकटी


२२ जुलै

ताई,

या वेळी तू चिठ्ठीसुद्धा लिहिली नाहीस. भिंगरीच्या वर्गशिक्षिका, त्या तरुण सिस्टर, गेटजवळ मला बाजूला घेऊन बोलल्या. बिचाऱ्या मला 'आंटी' म्हणत होत्या आणि माझ्या चपलांकडे बघत होत्या. "प्रिन्सिपल सिस्टर म्हणाल्या, आत्ता काही लिहिलं तर पालकांना वाटेल, घरच्या माणसासाठी नियम वाकवला. थोडं शांत होऊ द्या."

घरच्या माणसासाठी. म्हणजे ते तुझ्या घरचे आहेत, हे तुला मान्य आहे तर. चांगली बातमी आहे. फक्त ती त्या मंगळवारी मिळाली असती तर बरं झालं असतं.

मी दोन पत्रं सांभाळून लिहिली. आता सांभाळणं पुरे. विचारपूस झाली, असं मी लिहिलं. विचारपूस अशी झाली: आजारी मुलींना निजवायची ती तुमची छोटी खोली, जिथे आपण पोटदुखीची सोंगं करून पडायचो, तिथे यांना नेलं. पोलीस म्हणाला, "कापडात काही नाही ना, बघू." यांनी सांगितलं, हात लावून बघा, वरून चाचपा, काढायला सांगू नका. तो म्हणाला, "काढता की काढू?" आणि तेवढ्यात शाळा सुटली, आणि कोणीतरी भिंगरीला तिथेच आणून उभं केलं, ओळख पटवायला. तिच्यासमोर झटापट नको म्हणून यांनी स्वतःच्या हाताने पगडी उतरवली. केस सुटे झाले. आमच्या घरात यांचे सुटे केस फक्त मी आणि माझी लेक, एवढ्यांनीच पाहिले आहेत, तेही न्हाणीघरातून खोलीपर्यंत. लोकांत पगडी उतरवायला लावणं म्हणजे काय, हे मी तुला कसं सांगू? तुझ्या विद्यार्थ्यांसमोर, तुझ्याच शाळेत, तुझं वस्त्र कोणीतरी ओढून काढलं असं समज. बघ समजता येतं का.

कापड झटकून पाहिलं. त्यात काय निघणार, ताई? आमच्या घरच्या साबणाचा वास निघाला असेल.

मग पोलीस म्हणाला, "ठीक आहे, बांधा." बांधायचं म्हणजे काय टोपी आहे का, डोक्यावर टाकली आणि निघाले? सहा मीटर कापड असतं. दोघांनी दोन टोकं धरून ताणायचं, घडीवर घडी घालून पट्टी करायची, त्याला ते पूणी म्हणतात. रोज सकाळी दुसरं टोक मी धरते. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून धरते, आणि मला ते शिकवावं लागलं नाही. यांनी विचारलं, "कुठे शिकलीस?" मी म्हटलं, "ननांनी शिकवलंय." कोपऱ्याला कोपरा.

त्या खोलीत दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. यांनी ते खाटेच्या लोखंडी दांड्याला बांधायला घेतलं. तर भिंगरी पुढे आली. दप्तर पाठीवर तसंच. तिने टोक दोन्ही मुठींत धरलं आणि भिंतीपर्यंत मागे गेली, रोज मी जाते तशी. घरी आल्यावर मला म्हणाली, "आजी, मी खाली टेकू दिलं नाही. पोलीसकाका मध्ये उभे होते, मी त्यांना म्हटलं, सरका." सरकला तो, म्हणे.

हे सगळं मला तिने सांगितलं. यांनी नाही. यांनी मला वेगळीच एक गोष्ट सांगितली, तीसुद्धा चार दिवसांनी, जेवताना. म्हणाले, "त्या खोलीच्या दाराला काच आहे. काचेपलीकडे पांढऱ्या कपड्यातली एक बाई येऊन थांबली, आणि गेली. तुझ्यासारखीच मान तिरकी करते." मग म्हणाले, "बारीक झालीय गं तुझी ताई. तब्येतीकडे बघायला सांग."

असा माणूस आहे हा. सांगते, तब्येतीकडे बघ.

तू काचेपलीकडे होतीस. तुला हेही ठाऊक होतं की आत कोण आहे. बाबांच्या अंत्यविधीला तू त्यांना पाहिलं होतंस. तेव्हाही डोकंच होतं मध्ये. चर्चच्या दारात तू त्यांना म्हणालीस, "आत यायचं तर पुरुषांनी डोकं उघडं करायचं असतं. देवाचा मान असतो तो." आणि ते म्हणाले, "आमच्यात देवासमोर झाकतात. तोही मानच." तुम्ही दोघंही खरं बोलत होता. पण आत तू होतीस आणि पायरीवर ते. ते पायरीवर बसले, बूट काढून, मिस्साची प्रार्थना संपेपर्यंत. मी पहिल्या बाकावरून उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. बाबांना पाठ दाखवली, असं तू त्या दिवशी म्हणालीस, आणि नंतर काहीच म्हणाली नाहीस. मला त्याची लाज वाटत नाही. बाबांना माझी पाठ चालली असती. आपल्या जावयाला पायरीवर एकट्याने बसवलेलं त्यांना चाललं नसतं.

चर्च तुझं एकटीचं नव्हतं, म्हणून तेव्हा मी भांडले नाही. गेट तुझं आहे. सूचनेवर सही तुझी आहे.

उद्यापासून आम्ही दोघं येतो. त्यांना मी सांगितलंय, गुडघा दुखत असेल तर माझ्या खांद्यावर हात ठेवा, पण चला. म्हणाले, "तू लहानपणी अशीच होतीस का?" म्हटलं, ताईला विचारा.

धाकटी


२९ जुलै

ताई,

तुझ्या ऑफिसाच्या खिडकीतून गेट दिसतं. तेव्हा तू पाहिलंच असशील, तरी आवाज वरपर्यंत आला नसेल म्हणून लिहिते.

पहिल्या दिवशी मामांनी आम्हाला बाहेरच थांबवलं. वाईट माणूस नाही. म्हणाले, "मामी, तुम्ही या आत. साहेब थांबतील. माझी नोकरी आहे हो." मी म्हटलं, "मग मीही थांबते. मलाही काही काम नाही." भिंगरीला बाहेर आणून दिलं. दुसऱ्या दिवशी तेच. आम्ही सावलीत उभं राहायचं सोडून मुद्दाम गेटच्या समोर, उन्हात, सगळ्यांना दिसू असे उभे राहिलो. यांची निळी पगडी कडक इस्त्रीसारखी. मी तिच्यावर त्या सकाळी जरा जास्तच मेहनत घेतली होती. लोक बघून न बघितल्यासारखं करत होते. ते फार छान जमतं लोकांना.

तिसऱ्या दिवशी गंमत झाली. आमच्यासमोरून एक बाबा मोटरसायकल लावून, हेल्मेट डोक्यावर, काच खाली, तसाच तरातरा आत गेला. मामांनी सलाम केला.

मी म्हटलं, "मामा, हा कोण?"

"ते होय? ते पाचवीतल्या मुलीचे वडील."

"तोंड दिसलं का?"

"नाही, पण गाडी ओळखीची आहे ना."

ताई, ज्याच्यासाठी सूचना काढली तो आत गेला, आणि ज्याच्यासाठी काढली नव्हती तो बाहेर. मला हसू आवरेना. हे म्हणाले, "इतकं हसू नकोस, आता तुलाही अडवतील."

मग चौथ्या दिवशी मी शेजाऱ्याकडून हेल्मेट मागून आणलं. लाल आहे, त्यावर पांढरे पट्टे. रिक्षातून उतरले ती ते घालूनच. साठी उलटलेली बाई, पायात सॅंडल, खांद्याला पर्स आणि डोक्यावर ते. पोरं खिदळायला लागली. आया जमल्या. यांनी कपाळाला हात लावला आणि मागे उभे राहिले, पण गेले नाहीत.

मामा म्हणाले, "मामी, हे काय आता? काढा की ते."

मी काच वर केली. "काय काढू?"

"ते... डोक्यावरचं."

"नाव सांगा त्याचं. सूचनेत काय लिहिलंय, वाचा."

मामांनी वाचलं. "शिर... शिरस्त्राण."

"बरोबर. हे शिरस्त्राण. हे बघा, काढलं." आणि काढून त्यांच्या हातात दिलं. "झाली सूचना पुरी. आता यांच्या डोक्यावर आहे ती दस्तार. सूचनेत तिचं नाव कुठे आहे, दाखवा, आम्ही परत जातो."

मामा हेल्मेटकडे बघतात, सूचनेकडे बघतात, वर तुझ्या खिडकीकडे बघतात. ते लाल हेल्मेट त्यांच्या हातात एखादं बाळ दिल्यासारखं दिसत होतं. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "मामा, घाला आता तुम्हीच!" सगळे हसले. मामाही हसले. पण गेट नाही उघडलं.

तेव्हा ती पुढे आली, फोन करणारी. मला माहीत नव्हतं, तिनेच सांगितलं. तरुण आहे, चेहरा गोड आहे. "आजी, तो फोन मी केला होता. तुम्ही असं तमाशा केल्यासारखं नका करू. आम्हाला काय माहीत कोण कसं असतं? प्रश्न मुलांचा आहे."

"माझाही मुलांचाच आहे," मी म्हटलं. "तुझ्या फोननंतर सात वर्षांच्या मुलीला काय बघावं लागलं, सांगू?"

"पण दिसायला ते तसेच..."

"कसे?"

मी थांबले. मला खरंच तो शब्द ऐकायचा होता. मग हे मागून म्हणाले, "बेटा, तुझा मुलगा डोळे बारीक करून फळ्याकडे बघतो का? चालतानाही बघतो. परवा पाहिलं मी. तपासून घे. माझ्याकडेच नको आणूस, कुठेही ने."

ती मुलाचा हात धरून निघून गेली. मला यांचा इतका राग आला. म्हटलं, तुम्हाला कोणी विचारलं होतं? म्हणाले, "तो पोरगा मला कुठे काय म्हणाला होता?"

मी तेवढी मोठ्या मनाची नाही, ताई. मी भांडायलाच आले होते आणि भांडूनच जाणार.

संध्याकाळी भिंगरीच्या दप्तरात एक कार्ड निघालं. प्लॅस्टिकमध्ये घातलेलं, दोरीसकट. 'विशेष परवानगी.' खाली यांचं नाव, आणि त्याखाली तुझी सही. ते गळ्यात घालून आलं की आत सोडणार. यांनी कार्ड लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, "अक्षर बारीक आहे, लांबून वाचता येणार नाही." आणि टेबलावर ठेवून दिलं.

कार्ड या पाकिटात परत पाठवते आहे. बाकी सगळे आजोबा नुसते येतात. आमचे आजोबा परवानगी घेऊन येणार नाहीत. गळ्यात पाटी अडकवून तर नाहीच नाही.

सोमवारी पुन्हा येतो.

धाकटी


५ ऑगस्ट

प्रिय ताई,

सोमवारी गेटवर नवी सूचना होती. 'पालकांनी गेटवर हेल्मेट काढून यावे.' हेल्मेट! क्लार्कला बिचाऱ्याला केवढं जड गेलं असेल. मामांनी यांना पाहिलं, गेट उघडलं आणि म्हणाले, "या साहेब." बास. हे आत गेले, भिंगरीला घेतलं, बाहेर आले. कोणी काही बोललं नाही. जणू मधल्या दिवसांत काही घडलंच नव्हतं.

आणि काल तुझी चिठ्ठी. "शब्द बदलला आहे. रविवारी दुपारी घरी येईन म्हणते. खूप वर्षं झाली. येताना काय आणू?"

ती मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. 'म्हणते' वर तर माझा जीवच गेला. आई असंच लिहायची. मी यांना वाचून दाखवली, तर लगेच उठले आणि पुढच्या खोलीतल्या खुर्च्या हलवायला लागले, तुला उजेडात बसता यावं म्हणून.

तरी मी तुला सांगते, रविवारी येऊ नकोस.

तू शब्द बदललास. शब्दाची चूक शब्दाने दुरुस्त झाली. पण त्या खोलीत शब्दाला नेलं नव्हतं, माणसाला नेलं होतं. तू रविवारी आलीस तर काय होईल, मला ठाऊक आहे. आपण आईबद्दल बोलू, बोर्डिंगबद्दल बोलू, मी रडेन, तू माझ्या डोक्यावर हात ठेवशील, हे चहा करतील, आणि संध्याकाळपर्यंत सगळं घरातल्या घरात मिटलेलं असेल. गेटवर मात्र कोणालाच काही कळलेलं नसेल. जे चारचौघांत झालं ते मला स्वयंपाकघरात मिटवायचं नाही. माझं मन तर अर्धं आत्ताच मिटलंय, म्हणून तर घाईने लिहिते आहे.

काल परत येताना भिंगरीने माझा हात ओढला. हे पुढे चालत होते. हळूच म्हणाली, "आजी, आता नानाजींना आत सोडतात. मग त्यांनी केलं काय होतं?"

मी म्हटलं, "काही नाही."

"तू घरची आहेस," ती म्हणाली. "तू तसंच म्हणणार. वर्गातली मुलं म्हणतात, काहीतरी केलं असेल, म्हणून तर पोलीस आले. आणि आता माफ केलं, म्हणून सोडतात."

बघ, ताई. तुझी शांतता सात वर्षांच्या मुलांनी कशी वाचली ते बघ. तू माफ केलंस यांना.

तेव्हा सोमवारी ये. शाळा सुटायच्या वेळी, गेटवर, ऑफिसाच्या खिडकीत नाही. येताना काय आणू, विचारलंस ना? मग ऐक, कोणाला काय द्यायचं ते.

मामांना काही बोलू नकोस. जे लिहिलं होतं तेच त्यांनी वाचलं. त्यांना एक खुर्ची दे, दिवसभर उभे असतात, आणि यापुढे गेटवर काही लावायच्या आधी ते त्यांना वाचून दाखव आणि काय समजलं ते विचार. ती फोन करणारी मुलगी दिसली तर तिला माझा पत्ता दे. सांग, म्हातारी ओरडते पण चहा चांगला करते. तिला त्या दिवशी जो शब्द सापडला नाही तो सापडला तर घेऊन ये म्हणावं. पालकांना खरं काय झालं ते दे, कागदावर नको, तोंडाने, म्हणजे त्यांना तुझा चेहरा बघता येईल. आपले मेहुणे आहेत, हेही त्यातच सांग. लपवलंस म्हणून तो पक्षपात झाला, सांगितलंस तर नुसतं नातं आहे.

यांची माफी माग. माझी नको. त्यांच्यासमोर उभी राहून, मराठीत माग. खेद आहे, दिलगिरी आहे, रिग्रेट आहे, यातलं काही नको. 'माझं चुकलं' एवढं पुरतं. ते मध्येच थांबवतील, "असू दे हो ताई" म्हणतील, फार लवकर म्हणतील. थांबू नकोस. पूर्ण कर. त्यांनी त्या खोलीतून तुला काचेपलीकडे पाहिलं होतं, हे लक्षात असू दे.

मला काही आणू नकोस. ते सगळं झालं की घर गेटपासून लांब नाही, लांबच्या रस्त्यानेही नाही.

आणि भिंगरीला उत्तर दे. तिच्या वर्गासमोर, जमलं तर खाली वाकून, ती उंचीने फार नाही. ती तुला विचारेल, मी तिला सांगून ठेवते, की प्रिन्सिपल सिस्टरना विचारायचं, नानाजींनी काय केलं होतं. माझं उत्तर तिने घेतलेलं नाही. तुझं घेईल. मोठं काही सांगू नकोस, समजावू नकोस, देवाला मध्ये आणू नकोस. दोनच शब्द आहेत. सगळ्यांना ऐकू जातील असे म्हण.

'काहीच नाही.'

तुझी,
धाकटी